अंडाशयातली साधी गाठ आणि दुर्बिणीचं ऑपरेशन: कोकणातल्या बायकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ओव्हेरियन सिस्ट’ असं लिहून आलं की घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक तर कॅन्सर असणार, नाहीतर पिशवीच काढून टाकू, म्हणजे कायमची कटकट मिटेल. बहुतेक बायकांच्या बाबतीत हे दोन्ही खरं नसतं. पाळी चालू असलेल्या वयातल्या बहुतांश गाठी साध्या असतात. त्यातल्या कितीतरी आपणहून जिरतात आणि ज्या काढाव्या लागतात, त्या आता दुर्बिणीतून काढता येतात.

मी रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रीरोग विभागात परिचारिका म्हणून काम करते. बायका ऑपरेशनच्या टेबलापर्यंत येतात, पण आपलं नेमकं काय काढणार आहेत, हे त्यांना सांगता येत नाही. हे मला फार लागतं. म्हणून सगळं ओळीने लिहिते आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा: साधी गाठ काढावीच लागली तर फक्त गाठ काढायची, अंडाशय शक्यतो राखायचं. आणि हे ऑपरेशनच्या आधी विचारायचं असतं.

आधी रिपोर्ट समजून घ्या

गाठ कुठे आहे, हा पहिला प्रश्न. आपल्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात आणि ओटीपोटातली कुठलीही गाठ ‘पिशवीची गाठ’ होऊन बसते. गर्भाशयातली गाठ, म्हणजे फायब्रॉइड, ही वेगळी. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना जी दोन अंडाशयं असतात, त्यांतली गाठ वेगळी. डॉक्टरांना कागदावर चित्र काढून दाखवायला सांगा. बहुतेक डॉक्टर आनंदाने दाखवतात.

मग आकार बघा. काही ठिकाणी तो मिलिमीटरमध्ये लिहितात. ५२ मिलिमीटर म्हणजे साधारण सव्वापाच सेंटिमीटर. आकडा मोठा दिसला म्हणून हाय खाऊ नका.

आकारापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गाठीच्या आत काय आहे. ‘सिंपल सिस्ट’ म्हणजे पातळ भिंतीच्या आत नुसतं पाणी. ‘हेमरेजिक’ म्हणजे आत रक्तस्राव झालेला. ही बहुतेक वेळा आपणहून जाते. ‘डर्मॉइड’मध्ये चरबी आणि केस असतात. ‘एंडोमेट्रिओमा’ किंवा ‘चॉकलेट सिस्ट’मध्ये जुनं, घट्ट, तपकिरी रक्त असतं आणि पाळीत फार दुखतं. ‘सॉलिड’, ‘पॅपिलरी’, जाड पडदे, पोटात पाणी, असले शब्द रिपोर्टमध्ये असतील तर मात्र पुढची तपासणी लांबवू नका.

सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली, तेही सांगा. दर महिन्याला अंडाशयात बीज तयार होताना दोन सेंटिमीटरच्या आसपास पाण्याची पिशवी होतेच. दोन पाळ्यांच्या मध्यावर तपासलं तर ती दिसणार. ती आजार नव्हे. आणि ‘पीसीओडी’ हे प्रकरणच निराळं आहे. त्यात बारीक बारीक बीजपिशव्या असतात. त्या एकेक करून कापून काढत नाहीत.

थांबायचं की काढायचं

पाळी चालू असलेल्या बाईची पाच सेंटिमीटरपर्यंतची साधी पाण्याची गाठ सहसा दोन-तीन पाळ्यांत जाते. पाच ते सातच्या दरम्यान असेल तर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून नजर ठेवतात. सातच्या वर गेली तर एमआरआय किंवा ऑपरेशनचा विचार करतात, कारण इतकी मोठी गाठ सोनोग्राफीत पूर्ण नीट दिसत नाही. पुन्हा सोनोग्राफी करायची ती सहा ते बारा आठवड्यांनी आणि शक्यतो पाळी संपल्या संपल्या. साधी गाठ जिरवण्यासाठी पाळीच्या गोळ्या देण्याची पद्धत होती. गोळ्यांनी गाठ लवकर जाते असं दिसलेलं नाही, ती तिच्या वेळेनेच जाते. डर्मॉइड मात्र कुठल्याही गोळ्यांनी, काढ्यांनी किंवा लेपांनी विरघळत नाही. चॉकलेट सिस्टमध्ये औषधाने दुखणं आटोक्यात येतं, पण मोठी गाठ औषधाने सहसा पूर्ण जात नाही.

पाळी बंद झालेल्या बाईला हे हिशेब लागू नाहीत. तिची गाठ लहान असली तरी रक्ततपासणी आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला लगेच घ्यायचा.

रक्ततपासणीत ‘सीए-१२५’ वाढलेलं आलं की घरात रडारड होते. हा आकडा चॉकलेट सिस्ट, फायब्रॉइड, पोटातला टीबी, ओटीपोटातला जंतुसंसर्ग यांतही वाढतो, चालू पाळीतसुद्धा वाढतो. तरुण बाईत त्या एका आकड्यावर कॅन्सर ठरत नाही. गाठीत घट्ट भाग असेल आणि वय चाळिशीच्या आत असेल, तर एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्याही करतात. सगळं बघून डॉक्टरांना शंका आलीच, तर पुढचं ऑपरेशन कॅन्सरच्या स्त्रीरोग सर्जनकडे व्हायला हवं. तशी गाठ पोटात फुटली तर आजाराची पायरी बदलते. परळचं टाटा मेमोरियल लांब वाटतं, पण अशा वेळी लांब जाणंच बरं.

सकाळची वाट बघायची नाही, अशी वेळ

गाठ असलेलं अंडाशय जड होतं आणि कधीकधी स्वतःच्या देठाभोवती पीळ खातं. रक्तपुरवठा बंद पडतो. मग अचानक एका बाजूला जीवघेणं दुखतं आणि उलट्या सुटतात. हे दुखणं थोडं कमी होऊन परत उठू शकतं, त्यामुळे लोक फसतात. गावातल्या दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन घेऊन बाई झोपते आणि सकाळपर्यंत अंडाशय वाचवायची वेळ निघून जाते. गाठ फुटून पोटात रक्तस्राव झाला तर चक्कर, घाम आणि खांद्यात कळ येते. नळीतला गर्भ फुटला तरी चित्र असंच दिसतं, म्हणून पाळी चुकली असेल तर ते न लाजता सांगा.

अशा वेळी १०८ला फोन करा आणि जिथे सोनोग्राफी, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन तिन्ही आहेत, अशा जवळच्या रुग्णालयात न्या. पावसात घाटात दरड कोसळून आंबा, कुंभार्ली, करूळ यांतला एखादा रस्ता बंद असतो. ‘कोल्हापूरलाच नेऊ’ असा हट्ट धरण्याआधी घाट चालू आहे का, ते विचारा. पीळ सोडवल्यावर काळंनिळं दिसणारं अंडाशयही पुष्कळदा पूर्ववत होतं. म्हणून तरुण मुलगी असेल तर ‘शक्य असेल तर राखा’ असं डॉक्टरांना सांगायला संकोच नको.

गाठ आधीच माहीत असलेल्या घरात देवाला कौल लावायचा असेल तर तो आधी, शांतपणे लावावा. पोटात पीळ पडल्यावर कौलासाठी थांबणं परवडत नाही.

रुग्णालय ठरवताना

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत आता बऱ्याच ठिकाणी दुर्बिणीची सोय आहे. चिपळूण, डेरवण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळकडे लोक जातात. सिंधुदुर्गातले पुष्कळ जण गोव्यात बांबोळीला जातात, घाटाच्या पायथ्याची गावं कोल्हापूरला, आणि ज्यांचे भाऊ-दीर चाकरमानी ते मुंबईला. नावापेक्षा या गोष्टी विचारा. ऑपरेशन करणारे डॉक्टर इथलेच आहेत की बाहेरून येतात? बाहेरून येत असतील तर त्यात वावगं काही नाही, पण रात्री पोट दुखलं तर बघायला कोण आहे? भूलतज्ज्ञ पूर्णवेळ थांबतात का? रक्तपेढी किती लांब आहे? दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडून करायची तयारी आहे ना?

मुंबईला करायचं झालं तर एक अडचण लक्षात घ्या. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रातराणीने किंवा रेल्वेने गावी पळत येण्याची घाई असते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात क्वचित आतड्याला इजा होते आणि ती लगेच कळत नाही, दोन-चार दिवसांनी ताप आणि पोटफुगीने कळते. तेव्हा तुम्ही आडगावात असाल तर पंचाईत होते. नातेवाइकांकडे निदान आठवडाभर राहा आणि तपासणीला दाखवूनच गाडीत बसा.

पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या ऑपरेशनलाच मिळतं. रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. भरती होण्याआधी रेशनकार्ड, आधारकार्ड आणि सोनोग्राफी घेऊन त्यांच्याशी बोला. भरती होऊन पैसे भरल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

गाठ साधी, दुखणं नाही आणि डॉक्टर म्हणाले ‘महिनाभराने चालेल’, तर गणपती किंवा लावणी आटोपून तारीख घ्यायला हरकत नाही. उलट लावणीच्या तोंडावर ऑपरेशन करून घेतलं तर बाई आठव्या दिवशी चिखलात उतरते, हे मी बघितलंय. मात्र मधल्या काळात पोटात कळ आली तर तारीख विसरायची आणि निघायचं.

सही करण्याआधी

संमतीपत्र मराठीत मागा आणि वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. नवऱ्याने किंवा सासऱ्यांनी बाहेर सही केली म्हणून आत काय होणार हे बाईला कळलं, असं होत नाही. सज्ञान बाईच्या ऑपरेशनला संमती तिची स्वतःची लागते.

विचारायचं ते हे. फक्त गाठ सोलून काढणार की त्या बाजूचं अख्खं अंडाशय? अंडाशय काढणार असाल तर का? दुसऱ्या बाजूचं कसं आहे? अंडाशयातल्या साध्या गाठीसाठी गर्भाशय काढावं लागत नाही. कोणी ‘आता पोरं झाली, सगळंच काढून टाकू’ असं म्हणत असेल तर कारण विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. दोन्ही अंडाशयं गेली तर पस्तिशीतल्या बाईची पाळी त्याच दिवशी कायमची थांबते. अंगातून वाफा येणं, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं वेळेआधी मागे लागतं. पाळी गेलेल्या बाईत मात्र दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढण्याचा सल्ला योग्य असू शकतो.

मूल हवं असेल तर आणखी एक बोलणं गरजेचं आहे, विशेषतः चॉकलेट सिस्टमध्ये. ही गाठ अंडाशयाला घट्ट चिकटलेली असते. ती सोलताना थोडी बीजं जातात आणि रक्त थांबवायला जास्त भाजलं तर आणखी जातात. म्हणून ऑपरेशनआधी एएमएचची रक्ततपासणी करून घ्या, तिच्यावरून किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज येतो. टेस्ट ट्यूबचा विचार असेल तर आधी ऑपरेशन की आधी तो उपचार, हे दोन्ही डॉक्टरांशी बोलून ठरवा. या गाठी परत होऊ शकतात, त्यामुळे लगेच मूल नको असेल तर ऑपरेशननंतर औषध चालू ठेवतात. ते मधेच सोडू नका.

आदल्या दिवशी

बेंबी स्वच्छ करा. हसू नका, दुर्बीण बहुतेक वेळा बेंबीतूनच आत जाते. रात्री खोबरेल तेलाचे दोन थेंब घालून ठेवा, सकाळी आंघोळीच्या वेळी साबणाने हलक्या हाताने धुवा. नखाने खरवडू नका. घरी ब्लेड लावून केस काढू नका, त्या ओरखड्यांतून जंतू शिरतात.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नथ सगळं घरी ठेवा. ऑपरेशनात विजेची उपकरणं वापरतात, धातूने चटका बसू शकतो. नेलपेंट काढा, कारण बोटाला लावायच्या यंत्राला रक्तातला ऑक्सिजन नखातून वाचायचा असतो. मंगळसूत्र काढायला ज्यांचं मन धजत नाही, त्यांनी आधी सांगावं. आम्ही काळा दोरा मनगटाला बांधू देतो, कोणाची श्रद्धा मोडायची नसते.

रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या, बीपीच्या गोळ्या आणि गावठी औषधं, जे काही चालू असेल ते सगळं भूलतज्ज्ञांना सांगा. कुठली गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कुठली बंद ठेवायची, ते तेच ठरवतील. जेवण निदान सहा तास आधी बंद, चहाही नाही. पावसाळ्यात आदल्या दिवशीच येऊन राहा.

आत काय होतं

पूर्ण भूल देतात. बेंबीतून सुमारे एक सेंटिमीटरची नळी घालून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे आतडी बाजूला होऊन जागा मिळते. खाली बाजूंना अर्ध्या सेंटिमीटरची दोन-तीन छिद्रं पाडतात. आधी सीझर किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर ते सांगाच. बेंबीखाली आतडी चिकटलेली असू शकतात आणि मग डॉक्टर डाव्या बरगडीखालून आत जाण्याचा विचार करतात. दुर्बिणीची पद्धत काही काल आलेली नाही. माणसाच्या पोटात दुर्बीण पहिल्यांदा १९१० मध्ये गेली, आणि १९८० मध्ये दुर्बिणीतून पहिलं अपेंडिक्स काढणारे जर्मनीतले कुर्त झेम हे स्त्रीरोगतज्ज्ञच होते.

अंडाशयावर बारीक चीर देऊन गाठीची भिंत आतून सोलून काढतात, ओल्या काजूगराची साल अलगद सुटावी तशी. सुटलेली गाठ प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून, त्या पिशवीतच रिकामी करून बाहेर ओढतात. डर्मॉइडमध्ये ही पिशवी फार महत्त्वाची. आतली चरबी पोटात सांडली तर आतला पडदा सुजतो. सांडलीच तर कोमट सलाइनने भरपूर धुतात.

डर्मॉइडबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे बायका उगाच जळतात. गाठ कापली की केसांचा पुंजका निघतो, कधी दातसुद्धा. ट्रेमध्ये ते बघून नातेवाईक गप्प होतात आणि घरी गेल्यावर ‘करणी केली’, ‘कोणीतरी खायला घातलं’ सुरू होतं. शेजारच्या बाईचं नाव घेतलं जातं, सुनेकडे बोट जातं. तसं काहीही नसतं. ज्या पेशीपासून बीज तयार होतं तिच्यात शरीराचा कुठलाही भाग घडवायची ताकद असते. ती पेशी अंडाशयातच वाढू लागली की कातडी, केस, चरबी, दात तयार होतात. ते कोणी पोटात घालू शकत नाही. ट्रे दाखवताना हे सांगणं आमचं काम आहे. कोणी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

ऑपरेशन मधेच पोट उघडून करावं लागलं तर ते चुकलं असं समजू नका. रक्तस्राव, घट्ट चिकटलेली आतडी किंवा शंकास्पद गाठ दिसल्यावर उघडणं हाच शहाणपणा असतो.

नंतरचे दिवस

शुद्धीवर आल्यावर कधीकधी पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो आणि बाई घाबरते. पोटात राहिलेल्या वायूने छाती आणि पोटामधल्या पडद्याला चाळवलेलं असतं, त्याची कळ खांद्यात उठते. एक-दोन दिवसांत जाते. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठून चाला. आधी पाणी, मग मऊ भाताची पेज, मग नेहमीचं जेवण. घरी आजी म्हणणारच, ‘गो बाय, मासे खाव नको, टाके पिकतले.’ माशांनी टाके पिकत नाहीत. साधी, कमी तिखट माशाची कढी अंगाला चांगली, जखम भरायला प्रथिनं लागतातच.

बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी जातात. बसून करायचं काम आठवडा-दोन आठवड्यांत जमतं. पण बाहेरून टाके बारीक दिसतात म्हणून आत काही झालंच नाही, असं घरच्यांना वाटतं, आणि पाचव्या दिवशी बाई विहिरीवर दिसते. भरलेला हंडा, आंब्याची पेटी, लाकडाची मोळी, कडेवरचं मूल यांतलं काहीही निदान चार आठवडे नको. घर पाखाडीखाली असेल तर पायऱ्या उतरता-चढता येतात, हळू आणि कोणाचा तरी हात धरून. हे घरच्या पुरुषांना डॉक्टरांसमोरच सांगायला लावा. नवऱ्याशी संबंध निदान दोन-तीन आठवडे आणि दुखणं पूर्ण थांबेपर्यंत नको.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. कालच्यापेक्षा आज जास्त दुखतंय, पोट फुगतंय, उलट्या थांबत नाहीत, ताप १००.४च्या वर आहे, लघवी होत नाही, टाक्यातून पू येतोय, पोटरी सुजली आहे किंवा धाप लागते आहे, यांतलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

काढलेली गाठ पॅथॉलॉजीच्या तपासणीला जायलाच हवी, डोळ्याला कितीही साधी दिसली तरी. बाटली कुठल्या लॅबला पाठवली, रिपोर्ट कधी मिळेल आणि तो आणायला कोण जाणार, हे डिस्चार्जच्या वेळी विचारून कागदावर लिहून घ्या. सहसा आठ-दहा दिवस लागतात. टाके दाखवले, बरं वाटलं, आणि रिपोर्ट न्यायला कोणी आलंच नाही, असं फार वेळा होतं. तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून, ‘साधी गाठ’ हे त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. ऑपरेशनच्या नोटा, आधीची सोनोग्राफी आणि हा रिपोर्ट एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, मोबाइलवर फोटोही काढा. आपल्याकडच्या पावसात कागद ओले होतात. पुढची सोनोग्राफी कधी करायची, ती तारीखही डॉक्टरांकडून त्याच फाइलवर लिहून घ्या.